मोहाच्या झाडाखाली दिलेला शब्द

अहो, तुमच्या जागी आलेले नवे रेंजर भले गृहस्थ आहेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना तुमच्या कपाळाला आठ्या पडायच्या. देशावरचे आहेत, पुस्तकातल्यासारखं बोलतात, मला वहिनी म्हणतात. मी क्वार्टर सोडेपर्यंत त्यांनी आपलं बिऱ्हाड मुसाफिरी बंगल्यात ठेवलंय. तुमच्या घोडीवर खोगीर घालण्याआधी दारात येऊन मला विचारलं. मी हो म्हटलं. घोडीनं मात्र त्यांना दोनदा उतरवलं, त्यात माझा काही हात नाही.

माघात तुम्ही तापानं गेलात आणि आता चैत्र लागलाय. भावजी तुमच्या अस्थी घेऊन प्रकाशा तीर्थाला गेले, तापीत सोडल्या, मुलांनाही सोबत नेलं. मला न्यायला ते परत येणार आहेत. ट्रंक भरून ठेवलीय. जायच्या आधी तुमच्याशी एक भांडण मिटवायचं राहिलंय. तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात, नेहमीसारखे.

भांडण कशावरनं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही या डोंगरातल्या माणसांना एक शब्द दिला होता आणि त्यांनी तुम्हाला. त्याचा कागद कुठेही नव्हता. मी म्हणायची, लिहून घ्या, नाहीतर तुमच्यामागं त्याला कोण विचारणार? तुम्ही हसायचात. तुम्ही गेल्यावर मला पहिला घोर लागला तो त्याच शब्दाचा. माणसाच्या मागं घर राहतं, शेत राहतं. तुमच्यामागं तो शब्द तेवढा होता, आणि तो टिकतो की नाही हे बघायला मीच उरले होते.

सुरुवात मात्र कशी झाली होती आपली. तापीकाठचं भरलं घर सोडून तुम्ही जंगलखात्यात शिरलात, तेव्हा सासूबाई गावभर सांगायच्या, "मन्हा पोऱ्या सरकारनी लाकडं मोजाले जास." मलाही खरं तर तेवढंच माहीत होतं. घाट चढून धडगावला आले तो फाल्गुन होता. संध्याकाळी ओट्यावर बसले तर समोरच्या डोंगरांवर जिकडे तिकडे आगीच्या रांगा. मला वाटलं, इथे कसला सण आहे. तुम्ही आलात ते भुवया जळालेल्या, अंगरख्याला भोकं पडलेली, आणि पाणी मागायच्या आधी म्हणालात, "सगळा साग गेला तिकडचा."

आग कोण लावतं, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही मला जे समजावलंत ते मी पुढं कितीतरी बायकांना समजावलं. होळी झाली की मोहाची फुलं गळायला लागतात. पहाटे गळतात, सकाळी वेचायची असतात. पण त्याच दिवसांत सगळ्या झाडांची पानं खाली पडलेली, त्यात फूल दिसायचं कसं? म्हणून बायका झाडाखालची पानं पेटवून देतात. जमीन साफ होते, फूल दिसतं. वारा पडलेला असेल तर ठीक. नाहीतर ती आग झाडाखालून निघते ती डोंगर ओलांडून जाते. त्यात सागाची रोपं जातात, भेकरांची पाडसं जातात, रानकोंबड्यांची अंडी जातात.

आणि मोह सोडा म्हणावं, तर ते फूल सुकवून ठेवलं की पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, तेच शिजवून खातात. प्रत्येक झाड कुणाचं ना कुणाचं. जंगल राखीव, मालक सरकार, झाडांवर खात्याचे शिक्के. पण कुठल्याही मोहाखाली उभं राहून विचारलं तर तिथली बाई सांगते, हे माझ्या सासूचं झाड, ते पलीकडचं माझ्या जावेचं. तुम्ही म्हणायचात, मी सरकारचा नोकर, पण त्या बाईला खोटं कुठल्या तोंडानं म्हणू?

तुमच्या आधीच्यांनी म्हटलं. खटले भरले, कुऱ्हाडी जप्त केल्या, माणसं कचेरीसमोर उन्हात बसवली. मग आग लागली की त्याच माणसांना आग विझवायला बोलवायचं. ती यायची नाहीत असं नाही, यायची आणि लांब टेकडीवर बसून बघायची. तुमचंही पहिलं वर्ष तसंच गेलं. रात्री जेवताना तुम्ही घास हातात तसाच धरून बसायचात. मला राग यायचा. भाकरी गार करून खाणारा माणूस मला कधी आवडला नाही.

मग एके दिवशी तुम्ही गार्डांना नाक्यावर ठेवलंत आणि एकटेच दित्या कारभाऱ्याच्या पाड्यावर गेलात. तुमच्या सगळ्या रेंजमध्ये त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि तुमच्यावर सगळ्यांत जास्त राग त्याचाच होता, कारण त्याची कुऱ्हाड कचेरीत पडून होती. ती तुम्ही सोबत नेलीत आणि आधी त्याच्या हातात दिलीत. मला हे तुम्ही सांगितलं नाहीत, गार्डानं सांगितलं. असल्या गोष्टी तुम्ही घरी कधी सांगायचा नाहीत, मलाच इकडून तिकडून गोळा कराव्या लागायच्या.

मोहाखाली बैठक बसली. तुमचं म्हणणं असं, की पानं जाळू नका, झाडून बाजूला करा. राखीव जंगलातल्या मोहाला कुणी आडकाठी करणार नाही, खटला होणार नाही. त्याच्या बदल्यात ज्या डोंगरावर ज्यांची झाडं, त्या डोंगरावर आग दिसली की कुणी बोलवायची वाट बघायची नाही, ती त्यांनीच विझवायची. पुरुषांनी माना हलवल्या. त्यांना काय, पानं झाडणार बायका. दित्याची बायको गिमली तेवढी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, तुम्हना हातमा कधी झाडू उना का?"

तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला तुमच्या कमरेवरनं कळलं. शिंदीच्या फांद्यांचा झाडू घेऊन तुम्ही गिमलीच्या झाडाखालची सगळी जागा झाडून काढलीत, आणि बायका ओळीनं बसून बघत होत्या, हसत होत्या. घरी आलात ते वाकलेलेच. मी तेल चोळत होते आणि तुम्ही म्हणत होतात की गिमलीचं बरोबर आहे, कष्टाचं काम आहे, मोठं झाड असेल तर शेजारणींनी मिळून झाडावं असं ठरलंय. माझ्या अंगणात तुम्ही कधी काडी उचलली नव्हती, हे मी तेव्हाच बोलून घेतलं.

आणि तो द्रोण. तुमची सगळ्यांत मोठी चूक, आणि मला सगळ्यांत लाडकी. बोलणं ठरल्यावर पळसाच्या पानाचा द्रोण भरून मोहाची दारू तुमच्यापुढे आली. आपल्या घरात थेंब चालत नाही, नाही म्हटलं तर बैठक मोडते. तुम्ही शहाणपणा केलात. सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे आहे असं बघून द्रोण हळूच बाजूला जमिनीवर ओतून दिलात. लक्ष कुणाचंच दुसरीकडे नव्हतं. तुम्हाला वाटलं, फसलं सगळं. पण मग दित्या उठला, त्यानं आपलाही द्रोण तसाच जमिनीवर ओतला, आणि मागोमाग सगळ्यांनी ओतले.

त्याचा अर्थ तुम्हाला पुढच्या वर्षी कळला. शब्द देताना ही माणसं दारूची बारीक धार पितरांच्या नावानं जमिनीवर सोडतात आणि उरलेली पितात. मेलेल्यांना साक्षीला बोलवायची ती रीत. तुम्ही अख्खा द्रोण ओतलात. त्यांनी धरलं, की हा परका साहेब आपल्या सगळ्या वाडवडलांना साक्षीला घेऊन बोलतोय, स्वतःला घोटभरही ठेवत नाही. तेव्हा आपण मागं कसं राहायचं? हे कळल्यावर तुम्ही घरी येऊन पोट धरून हसलात, आणि हसता हसता तुमचे डोळे भरले. म्हणालात, आता हा शब्द मोडायची सोय राहिली नाही.

तो मोडला नाही, हे तुमच्या तोंडावर मी कधी कौतुकानं म्हटलं नाही. आपल्याकडे बायका नवऱ्याचं कौतुक नवऱ्यासमोर करत नाहीत. पण आज करते. फाल्गुनातले डोंगर काळे पडायचे थांबले. कुठे आग लागलीच तर तुम्ही घोडीवर पोचायच्या आत पाड्यावरची माणसं हिरव्या फांद्या घेऊन तिथे असायची. नवा साग उभा राहिला. विलायतेत लढाई सुरू झाली आणि वरून सागाची मागणी वाढली, तेव्हा तोडायला जो साग सापडला तो याच माणसांनी वाचवलेला होता, हे मोठ्या साहेबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी या ओट्यावर बसून समोरच्या डोंगराकडे बघायची आणि मनात म्हणायची, हे माझ्या माणसानं केलंय. खूप मोठी वाटायचे मी मलाच तेव्हा.

आता भांडणाचं. त्या उन्हाळ्यात मोठ्या साहेबांचे कुणी पाहुणे शिकारीला आले होते, आठवतं ना? सगळे झरे आटलेले, एकाच डोहात पाणी उरलेलं. पाहुण्यांना त्याच डोहावर मचाण हवं होतं, बसल्या जागी सांबर, बिबट्या, जे येईल ते मिळावं म्हणून. तुम्ही खात्याचा नियम काढून दाखवलात, पाण्यावर बसून शिकार करायला बंदी आहे. पाहुणे लाल झाले. तुम्ही "होय साहेब, होय साहेब" म्हणत राहिलात आणि मचाण काही बांधू दिलं नाहीत. मी घरात ट्रंक भरायला घेतली, बदली ठरलीच म्हणून. हुकूम आलाच नाही. ट्रंक मला परत रिकामी करावी लागली, आणि तुम्ही दारात उभं राहून मला वरच्या फळीवर काय ठेवायचं ते सांगत होतात.

तेव्हाच मी तुम्हाला पकडलं. म्हटलं, सांबराला छापील नियमानं वाचवलंत. तसा मोहाचाही नियम करून घ्या की. साहेबांना लिहा, मंजुरी आणा. तुम्ही म्हणालात, "वर लिखं तं 'नही' येई. आते कोनी इचारत नही म्हनीसन चाली ऱ्हायनं."

मी म्हटलं, "आनि तुम्हीच नही ऱ्हायनात तं?"

तुम्ही घोडीला पाणी पाजायला निघून गेलात. घोडी नुकतीच पाणी पिऊन आली होती.

त्यानंतर कितीदा हा विषय निघाला असेल, आणि दरवेळी घोडीला तहान लागली. शेवटच्या तापातही मी विचारणार होते. पण तुम्ही शुद्धीवर आलात की एकच विचारायचात, वरच्या डोंगरधारेवरची जाळरेषा झाली का? जंगलाच्या कडेनं पट्टा साफ करून ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यातली आग तिथं अडते, ते काम माघातच उरकावं लागतं. मी झाली म्हणायची. झाली नव्हती. तुम्ही गेल्यावर गार्डांनी ती पुरी केली, आणि कुणी न बोलावता पाड्यावरची माणसं हात लावायला आली होती.

नवे रेंजर आले ते वरचा हुकूम घेऊनच आले. आगीच्या दिवसांत राखीव जंगलात कुणीही शिरायचं नाही, मोहासाठीसुद्धा नाही. होळी झाली आणि दित्या आपल्या ओट्याशी आला. बसला, तंबाखू मळला, खाल्ला नाही. मग म्हणाला, "सायेब गया. आते मोह कोना?"

मोह कोणाचा, ते साहेबांनाच विचारू म्हटलं. मी त्याला नव्या साहेबांकडे घेऊन गेले. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दित्याची बोली त्यांना कळत नाही, मी सांगत होते. ऐकून म्हणाले, "वहिनी, याचा काही कागद असेल तर दाखवा. मी स्वतः वर पाठवतो." कागद नाही, म्हटलं. ते म्हणाले, "मग माझे हात बांधलेले आहेत हो." खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. दित्या उठून गेला. त्या संध्याकाळी मी तुमच्यावर इतकी चिडले की तुमच्या तसबिरीकडे पाठ करून जेवले. म्हटलं, बघा, सांगत होते. माणूस गेला, शब्द गेला. एवढ्या बायकांनी एवढी वर्षं कमरा मोडून पानं झाडली, आणि आता त्यांच्या सासवांच्या झाडाखाली फुलं सडणार.

मग आग लागली. भर दुपारी, वारा सुटलेला असताना, तुमच्या त्या वरच्या धारेच्या अलीकडे. कुणाच्या चुलीची की विडीची, ते कळलं नाही. नवे साहेब घोडीवर बसून निघाले, सोबत नाक्यावरचे गार्ड, तेवढेच. मी ओट्यावर उभी होते. धूर बघून मला कळत होतं की एवढ्या माणसांनी ती आवरायची नाही. आणि पाड्यावरच्या माणसांनी का यावं? ज्या जंगलात त्यांना पाय ठेवायला बंदी, ते जळताना बघायला टेकडी होतीच. मी त्यांना दोष दिला नसता, खरं सांगते.

मला घरात बसवेना. मी चालत निघाले. पोचले तेव्हा आग बसत आली होती. धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं होती. दित्याच्या पाड्यावरची, पलीकडच्या पाड्यावरची, बायकाही. गिमली हातातल्या फांदीनं शेवटचा निखारा बडवत होती, तिच्या लुगड्याचा काठ जळाला होता. नवे साहेब काळेठिक्कर पडून एका दगडावर बसले होते. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या. मला बघून त्यांनी विचारलं, "वहिनी, यांना कुणी बोलावलं? मी तर कुणाला पाठवलं नव्हतं."

मी दित्याला विचारलं. त्यानं घाम पुसला आणि माझ्याकडे असं बघितलं, की हेही विचारायची गोष्ट आहे का. म्हणाला, "बाई, जेले सबद दिन्हा तो गया. देनारा आम्ही शेतस ना आठे."

मी साहेबांना सांगितलं, "ते म्हणतात, ज्याला शब्द दिला तो गेला. पण देणारे आम्ही इथेच आहोत."

दित्यानं मोह मागितला नाही, काही मागितलं नाही. माणसं फांद्या टाकून घरी निघाली. त्यांना जाताना बघून मला इतकं भरून आलं की मी पदर तोंडाला लावला. ते रडणं तुमच्या जाण्याचं नव्हतं. तुम्ही काय करून गेलात, ते मला त्या उतारावर पहिल्यांदा पुरतं दिसलं. एवढी वर्षं मी समजत होते की तुमचा शब्द आहे, तो तुमच्याबरोबर जाईल. तो अर्धा त्यांचा होता. त्यांच्या अर्ध्याला मी कधी मोजलंच नव्हतं, तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून मोजला होतात.

परत येताना साहेब माझ्यासोबत चालत होते, घोडीचा लगाम हातात. अर्ध्या वाटेत थांबले. म्हणाले, "वहिनी, उद्यापासून मोहाला जाऊ देतो. पण मला नीट सांगा, मी काय करू? सगळं सविस्तर लिहून वर मंजुरी मागू का?"

अहो, एवढी वर्षं मी ज्या वाक्यासाठी तुमच्याशी भांडले, ते वाक्य तो माणूस माझ्यापुढे घेऊन उभा होता. लिहा म्हणायचा अवकाश, त्यानं त्याच संध्याकाळी लिहिलं असतं.

मी म्हटलं, "नका लिहू. वर लिहिलंत तर नाही येईल. तुम्ही उद्या त्यांच्यात जाऊन बसा आणि तुमचा शब्द तुम्ही द्या."

साहेबांनी मान हलवली. मी तशीच उभी राहिले. आपल्या भांडणात मी पहिल्यांदा तुमच्या बाजूनं बोलले होते, आणि ते ऐकायला साहेब होते, घोडी होती, तुम्ही तेवढे नव्हतात.